मोजणी

कुताइसीच्या जमीन-नोंदणी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
त्सियालाबाईंच्या खुर्चीवर कुणी बसत नाही.
त्या रजेवर असल्या तरी नाही.
पाठीला त्यांचा राखाडी स्वेटर असतो, पहाऱ्याला.

नुगझार रोज बोटभर बांध कोरतो:
त्याचं टेबल खिडकीकडे सरकतं,
आणि माझा हीटर
न हलता त्याच्या हद्दीत जातो.
मी बोलत नाही. मी नवा.
फरशीवर पेन्सिलीने एक खूण तेवढी करून ठेवलीय.

दिवसभर आम्ही लोकांना समजावतो,
अहो, दोन वितींसाठी सख्ख्या भावाशी कोर्टात कशाला,
अक्रोडाचं झाड राहू द्या की मध्येच.
लोक ऐकून घेतात. पायऱ्यांवर पुन्हा भांडतात.

काल सामानाची यादी करायला माणूस आला.
नंबर टाकायला त्याने खुर्ची उलटी केली तर
खाली पिवळ्या रंगात:
‘वाझा. हात लावू नये.’
कोण वाझा, कुणालाच आठवेना.

त्सियालाबाई बराच वेळ उभ्या.
मग स्वेटर अंगात घातला, बसल्या,
आणि नुगझारला म्हणाल्या,
टेबल घे मागे. पोराला थंडी वाजते.

मी बुटाने खूण पुसली.
अर्धी.