सुपडाबाई

यादीत सत्तेचाळीसावं नाव: सुपडाबाई दगा पाटील.
आधारवर वय एकाहत्तर,
वाढदिवस एक जानेवारी, अर्ध्या गावासारखा.

तीन निरोप वाया गेले. चौथ्यांदा मीच दारात.
"माले काहीच दुखत नही. कसाले ऊ?"
दुखत नाही म्हणूनच या,
असं बोलावणं तिला जन्मात कुणी केलं नव्हतं.

"आई, सुपडा नाव कसं पडलं तुमचं?"
ज्वारी पाखडता पाखडता बोलली.
आधीची चार गेली. पाचवीला
सुपात घालून उकिरड्यापर्यंत नेलं,
मरणाला वाटावं, हा तर कोंडा.
हसली. दात मिसरीने काळे.

बुधवारी उपकेंद्रात बाकाच्या पार टोकाला बसली.
समोर जेठ, एकतीसावं नाव.
पन्नास वर्षं त्यांच्यापुढे मिटलेलं तोंड
पदराआड उघडलं.
डॉक्टर पोरीने टॉर्च आत धरला.
डाव्या गालात, ज्वारीच्या दाण्याएवढा,
पांढरा.

टॉर्च विझला.
बाहेर पारोळ्याची एसटी थांबली, निघून गेली.
मी रकाने भरले: धुळे. सोमवार.
सोबत कोण?
मुलगा सुरतेला. सून बाळंतीण.
पेन थोडा वेळ तसाच राहिला, मग माझंच नाव लिहिलं.

जाताना कनवटीची डबी काढून
तिने माझ्या तळहातावर ठेवली.
"फेकू नको. धुयाथीन उनू का दखसू."

पत्रा तिच्या अंगाने कोमट होता.
तो मुठीत धरूनच मी हाक मारली,
अठ्ठेचाळीस.