रेवडीचं माप

चैत्रातल्या भर दुपारी बिसन परदेशी
भद्रकालीत माझ्या दुकानासमोर घोडी घेऊन उभा राहिला.
म्हणाला, मास्तर, हिच्यासाठी शिवायचंय.
मी म्हटलं, ब्लाउज की परकर?
तो हसला नाही.

रेवडी नुकरा. दुधासारखी पांढरी, असं सगळेच म्हणतात.
जवळ गेल्यावर कळतं, पांढरी नाही,
उघडी आहे.
पापण्यांच्या कडा गुलाबी,
उंदराच्या नवजात पिल्लासारख्या.
डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तिळाएवढं काही उगवलं होतं.
डॉक्टरबाईंनी ते कापून बाटलीत घालून पुण्याला पाठवलं,
आणि बजावलं :
काळ्या कातडीला ऊन पचतं, हिला नाही.
तोंडावर सावली हवी, आभाळ ढगाळ असलं तरी.

लग्नात भाव दुप्पट मिळतो
तो याच गुलाबी कातडीचा.

मी टेप काढली. कानामागून गाल, गालावरून नाकाड.
माप घेताना माणसं इकडेतिकडे बघतात,
ही माझ्याकडेच बघत राहिली.
पाणी गळणाऱ्या त्या डोळ्यात
माझं अख्खं दुकान मावलं होतं, जरा वाकडं :
शटर, मशीन, टेप धरलेला मी.

जाळी ओझरच्या नर्सरीतून आणली,
द्राक्षाच्या कोवळ्या कलमांवर घालतात ती.
पहिला मुखवटा फुकट गेला, पापणीला घासत होता.
दुसऱ्याला डोळ्यांवर चुण्या घालून
फुगीर वाट्या काढल्या.
कटोरी कट.
बिसनला हे सांगितलं नाही.

गंगापूर रोडला बाराचा मुहूर्त.
कॅमेरावाला म्हणाला, ते काढा,
फोटोत घोडी आंधळी वाटते.
बिसननं नवरदेवाकडे बोट केलं :
आधी त्याच्या मुंडावळ्या काढा.
बरीच बाचाबाची झाली. पाचशे कापले.
जाळी राहिली.

दिवेलागणीला तो दुकानावरून गेला.
मी वेलक्रो सोडला, बॅटरी धरली.
कोपरा कोरडा होता, निदान त्या दिवशी तरी.
रेवडीनं पापणी मिटली, उघडली,
आणि माझ्या बाहीला नाक पुसलं.

वहीत, सानपबाईंच्या बाह्यांखाली, नोंद आहे :
रेवडी. गाल साडेबावीस.
जाळी डोळ्यापासून दोन बोटं लांब.
दुहेरी शिलाई.
निम्मे पैसे बाकी.