रोजनामा

प्रकरण क्रमांक त्रेसष्ट.
अर्जदार: श्रीमती द्रौपदी गंगाराम जुवाटकर, राहणार रेवंडी.
विषय: बोटांचे ठसे न जुळल्याने निराधार अनुदान बंद, महिने अकरा.
हे मी लिहितो.
एकोणीस वर्षं हेच टेबल, हेच अक्षर,
डावीकडे दोन बोटं समास सोडून.

पुकारा अकराचा होता.
ती साडेआठपासून बाकावर, पहिल्या एसटीनं आलेली.
पिशवीत रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक,
पोलीस पाटलाचा दाखला प्लॅस्टिकमध्ये,
त्यावर आणखी एक प्लॅस्टिक, वर सुतळी.
खाडीकाठची माणसं कागद असेच बांधतात,
होडीत काडेपेटी ठेवावी तसे.

मॅडम व्हीसीत होत्या.
दीड वाजला. अडीच.
ती माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली,
"भाऊ, सुनावणी म्हणजे काय करतत?
माका सुनावतले?"
नाही हो आजी, तुमचं ऐकून घेतात.
"मगे ऐकणी म्हणा नि."

मी फायलीची दोरी उगाच सोडली, पुन्हा बांधली.

ती खिडकीतल्या उन्हाकडे बघत होती,
घड्याळाकडे नाही.
"आज अवस. पाचाक पाणी तळाक जातला.
मोठी कालवां आजच गावतत."

भिंतीवर सरकारी कॅलेंडर.
तारखा आम्हीच देतो,
साहेबांचा दौरा बघून, आचारसंहिता बघून,
तालुक्यात मंत्री येणार नाहीत ना ते बघून.
चंद्राचं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटं.
"द्रौपदी गंगाराम जुवाटकर, हाजिर?"
दोन हातांवर उभी होती, तरी ओरडलो.
पद्धत आहे.

मॅडम परभणीच्या. येऊन दोनच महिने झालेत.
खुर्ची द्या त्यांना, म्हणाल्या. हे सहसा होत नाही.
मग विचारलं: तुम्ही त्याच, हे कशावरून?
त्यांचं मी मालवणीत सांगतो,
हिचं मराठीत.
नेताना थोडं सांडतंच.

"चाळीस वर्सां कालवां फोडतंय, बाय.
धारेन बोटां खाल्ल्यान. पयली कातडी गेली, मगे रेषा.
घोव गेलो तेवा तेच्या नावाची बांगडी फोडलंय
ती ह्याच हातान.
मशीनाक काय दाखवू आता?"

मी लिहिलं: व्यवसायामुळे ठसे झिजल्याचे अर्जदार सांगते.

मॅडमनी यंत्र मागवलं.
स्वतःच्या रुमालानं तिची बोटं पुसली, एकेक.
लाल दिवा.
ओलं करून. लाल.
करंगळीसुद्धा. लाल.
बुबुळ बघणारं यंत्र ओरोसला आहे,
दुरुस्तीला गेलंय असं फोनवर कळलं.

आदेश: तलाठ्याने समक्ष चौकशी करावी,
दोन पंचांचे जबाब घ्यावेत, फोटोसह अहवाल द्यावा.
पुढील तारीख साधारण तीन आठवड्यांनी.

"म्हणजे पैशे नाय?"
म्हणजे अजून नाही, आजी.
ती काही बोलली नाही. सुतळी बांधत राहिली.

तारीख घालायची जागा मोकळी होती.
पेन उघडं ठेवून मी विचारलं,
वद्य अष्टमीला याल?
तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
"अष्टमीक भांग. पाणी हलत नाय तेवा.
येतंय."

हजेरीसाठी अंगठा घेतला.
जांभळी शाई, कागदावर गुळगुळीत गोल,
एक रेष नाही,
सुकतीनं नुकती सोडलेली पुळण जशी.
शेजारी मी सही केली: माझ्यासमक्ष.

पाच वीसची गाडी तिला मिळाली असावी.
कालवं मिळाली नसणार.

नंतर फाईल कपाटात टाकण्याआधी
समासात, पेन्सिलीनं, कुणाला पुसायचं तर पुसता येईल असं,
तारखेखाली लिहिलं
अष्टमी.