ओळीला दोन शिलिंग

सोन्याच्या गावात मी शिसं वेचतो.
टॅलो क्रीकचा छापखाना म्हणजे कॅनव्हासचा तंबू,
त्याला मालकाच्या हट्टापायी बसवलेलं ओकचं दार.
आत मी, खिळ्यांच्या पेट्या आणि माशा.
पहिलं पान सगळं जाहिरातींचं.
बातम्या आत.
बातमीचे कोणी पैसे देत नाही.

बूट, खोदणाऱ्यांसाठी, गुडघ्यापर्यंत.
पंप, एकदाच वापरलेला, मालक वारला.
मॉब्री यांच्या गोळ्या : पोट, छाती, उदासी.
दात काढून मिळतील, तिथेच केसही.
हरवली आहे : करडी घोडी, उजव्या कानाला चीर.
हरवला आहे : पास्को ट्रेगेन्झा, डाव्या कानाला पाळी नाही.

ही शेवटची लव्हडेबाईंची.
दर गुरुवारी अकरा मैल चालत यायच्या,
नाणी रुमालाच्या गाठीत.
आधी सहा ओळी होत्या. मग चार. मग दोन.
पहिल्यांदा ‘प्रिय’ गेलं.
मग बोटीचं नाव.
मग मुलगा.
खोडताना पेन्सिल माझ्याच हातात द्यायच्या.

लुई सिन चोंगला दर दुप्पट.
मालकाने ठरवलं. का, ते त्याने विचारलं नाही,
मीही नाही.
त्याने लाकडात कोरून आणलेला ठसा
मी डोकं खाली, पाय वर छापला.
शनिवारी तो आला, अंक माझ्यासमोर धरला,
हळूच फिरवला,
आणि आल्याची एक वडी ठेवून गेला.

दाराशी पॉसमच्या कातड्याची रजई विकायला
एक म्हातारी बसते. ही टेकडी तिच्या लोकांची.
जुने अंक ती घेते, चूल पेटवायला.
चांगले पेटतात, म्हणते.

मे महिन्यात मालकाने थकबाकीला पाठवलं,
खाडीपलीकडे, आयर्नबार्कच्या रानात.
गारा आल्या. एका झोपडीत शिरलो.
झाडाच्या सालीच्या भिंती, भिंतींना फटी,
फटींवर कणकेची खळ लावून आमचाच अंक.
नोव्हेंबरचा.
उलटा डकवलेला.
पण माझा धंदाच उलटं वाचण्याचा.

माणूस चहा ठेवत होता. वळला.
मी कान पाहिला.

“मला वाचता येत नाही,” तो म्हणाला,
“हिवाळा आला, तरी याच्याच कुशीत झोपतोय.
काय लिहिलंय?”

मी वरून सुरुवात केली, म्हणजे खालून.
बूट. पंप. गोळ्या. घोडी.
आवाज बदलला नाही मी.
जुळवताना तरी कुठे बदलतो?
नाव वाचलं. कान वाचला.
नोव्हेंबरात अजून सहा ओळी होत्या,
सहाही वाचल्या.
बोट. गाव. प्रिय.
मुलगा आता धरून धरून चालतो.

चहा उतू गेला, विस्तव फसफसला.
कोणी उठलं नाही.
गारा थांबल्यावर त्याने विचारलं,
“काय पडतं, असं छापायला?”
“ओळीला दोन शिलिंग.”
त्याने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
“बारा?
पावाला लोणीसुद्धा खरवडून लावायची ती.”
मग भिंतीकडे तोंड करून बसला,
जणू आता वाचता येणार होतं.

पुढच्या गुरुवारी लव्हडेबाई आल्या नाहीत.
त्याच्या पुढच्याही.
भेटले असतील.
पैसे संपले असतील.
सापडलेल्याची जाहिरात कोणी देत नाही.
मी ओकच्या दाराकडे पाहायचो, दार बंदच,
लोक बाजूचा कॅनव्हास उचलून आत येतात.

जुळणी सोडली. खिळे पाण्यात खंगाळले.
त्याचं नाव एकेक अक्षर करून
आपापल्या घरात टाकलं.
मोठा झेड आमच्याकडे एकच आहे,
सात महिने त्याच नावात उभा राहून
एका कोपऱ्याला झिजलेला.

सोमवारी लिलावाची जाहिरात आली :
झिंकचे पत्रे, चाळीस, थोडे पोचलेले.
तो लागला.