उणे एकशे दहा

साकीनाका, गाळा नंबर एकोणतीस, दुसरा मजला.
खाली पावडर कोटिंगची भट्टी, म्हणून आमची फरशी
रात्रीही कोमट.
टेबलावर बोर्ड, बिस्किटाएवढा,
त्याच्या कडेला वायफायचं मॉड्यूल, टपाल तिकिटाएवढं,
आणि तिसऱ्या दिवशीही
काळ्या पडद्यावर तीच ओळ:
उत्तर नाही. उणे एकशे दहा.
म्हणजे, वाट पाहिली, वेळ संपली.
ड्रायव्हरच्या शब्दावर मी विश्वास ठेवला.
वाट पाहिली म्हणतोय, तर पाहिली असेल.

भाऊच्या धक्क्यावर देवयानी तांडेल खोळंबली आहे.
तिच्या बर्फाच्या खोलीत घोळ, सुरमई, हलवा
आणि एक तापमापक, ज्याचा आकडा
रात्री दोन वाजता तिच्या फोनवर जायला हवा.
"बोलंल ना गो तुजी मशीन?"
बोलेल, म्हटलं. ॲडव्हान्स घेताना
मी काहीही म्हणते.

फर्मवेअरची फाइल तपासली. जागेवर होती,
फक्त नावात डॅशऐवजी अंडरस्कोअर; तो बदलला.
ड्रायव्हर काढला, घातला, काढला, घातला,
जुना पंखा थोपटून चालू करतात तसा.
कर्नल मागच्या आवृत्तीला नेला,
तिथे इथरनेटही गेलं.
मग दोष मॉड्यूललाच दिला. लॅमिंग्टन रोडवरून नवं आणलं,
दुकानदाराने अस्सल म्हणून आईची शपथ घेतली,
बिल दिलं नाही.
नवंही मुकं.

पागधरे आमच्याकडे सोल्डर करतात, एकोणीस वर्षं.
सफाळ्याहून येतात. डबा उघडायच्या आधी चष्मा पुसतात.
बोलताना शब्द त्यांच्या दातांमागे अडतो,
डोळे मिटतात, हनुवटी वर जाते,
आणि तेवढ्यात आमच्यापैकी कुणीतरी
तो शब्द त्यांच्या हातावर ठेवतं.
चांगुलपणानेच.
मंगळवारी दुपारी प्रोब बोर्डाला टेकवून
ते म्हणाले, "मॅडम, ला... ला..."
"लाल वायर ना? बदलते."
ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.
मग मान हलवली, हो अशी.
आणि मी लाल वायर बदलली.

आता पावणेबारा. भट्टी बंद झालीय,
फरशी पायाखाली गार होत चाललीय.
करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून
त्यांचा ऑसिलोस्कोप लावला.
मंगळवारची मापं तशीच होती:
एका चौकोनाला पन्नास मिलिसेकंद.
बोर्डाची वीज काढली, दिली.
पिवळी रेघ, म्हणजे ड्रायव्हरची हाक,
तीनदा दार ठोठावून गप्प झाली.
हिरवी अजून तळाशीच होती.
मग ती उठली, आळसावत,
अर्ध्यावर रेंगाळली,
आणि वर पोचली तेव्हा
दाराशी कुणी नव्हतं.

लाट.
लाट उशिरा चढते, मॅडम.

डिव्हाइस ट्रीमध्ये एक ओळ घातली:
वीज दिल्यावर थांब, दोनशे मिलिसेकंद.
पापणी लवायला साधारण तेवढंच लागतं.
बूट केलं. ओळी धावल्या. एका जागी
अडल्यासारखं झालं, हात बटणाकडे गेला,
मागे घेतला.
डब्ल्यूलॅन शून्य. हजर.
आसपासची नावं उमटू लागली:
समोरच्या टूलरूमचं, खालच्या ऑफिसचं,
कुणाचं तरी 'पासवर्ड मागू नये'.
तांडेलबाईंना मेसेज टाकला, बोलली.
त्या जाग्याच होत्या. अंगठा आला.

सकाळी सव्वानऊला पागधरे येतील.
चष्मा पुसतील.
मी विचारीन, मंगळवारी काय म्हणत होता?
त्यांची हनुवटी वर जाईल.
मला शब्द ठाऊक आहे,
तेच जड जाणार आहे.