बालक, वय सात

गुनवॉर हेडस्ट्रॉम त्याला रोज सकाळी उभा करते
बुरोसच्या बाहेर, पाइनच्या रानात दडवलेल्या
आमच्या तीन किलोमीटरच्या रस्त्यावर,
जो कुठूनच येत नाही आणि कुठेच जात नाही.

त्याला नाव नाही. फायलीत नुसतं ‘बालक, वय सात’.
फोमचं अंग, वर छापील कापड,
आत रडारला फसवणारी चंदेरी जाळी,
गुडघ्यांत मोटर, चालल्यासारखे पाय हलतात.
चेहरा दिलेला नाही. गरज नव्हती.

मी वरच्या काचेच्या खोलीत. माझ्यासमोर आकडे.
चाळीसचा वेग. पन्नास. साठ.
पट्टा त्याला उभ्या व्हॅनआडून ओढत रस्त्यात आणतो
आणि पुढचं गाडीनं ठरवायचं असतं.

बहुतेकदा ठरवते. नाक खाली दाबत थांबते,
चौदा सेंटिमीटरवर, नऊवर, एकदा तर इतक्या जवळ
की त्याच्या बाहीवर बंपरवरचं दव उमटलं.
आम्ही टाळ्या वाजवतो.
पण डोळ्यांत तेल घालून बसलेली गाडीसुद्धा
काचेवर मिठाचा चिखल उडाला की आंधळी होते,
कधी ऊन तिरपं असतं,
कधी काहीच कारण नसतं,
आणि तो पंधरा मीटर लांब जाऊन पडतो, तीन तुकड्यांत.

तेव्हा गुनवॉर चालत जाते.
धावायचं कारण नाही, हे तिला माहीत आहे.
पहिल्या वर्षी तरी धावायची.
डोकं उचलते, हात शोधते, वेल्क्रो जुळवते,
लाल जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढते,
अंगठा वर करते: पुन्हा.
अकरा वर्षं झाली. तिचा मुलगा तेव्हा आठचा होता,
परवा सैनिकी प्रशिक्षणाला गेला.
हा सातच.

नोव्हेंबरातली गोष्ट तिनं कॉफीच्या सुट्टीत
दोन वाक्यांत सांगितली. बाकीची मी जुळवली आहे.

तिची स्वतःची गाडी वीस वर्षांची,
तिला ना डोळा ना कान,
ब्रेक म्हणजे फक्त पाय.
(तू, आणि असल्या खटाऱ्यात? आम्ही हसायचो.)
साडेचारलाच काळोख. रस्ता ओला.
व्हिस्काफोर्शच्या शाळेपाशी
कुंपणातून लाल काहीतरी बाहेर आलं
आणि तिच्या आधी तिचा पाय पोचला.

काही नव्हतं.
खुंटाला विसरलेलं जॅकेट, वाऱ्यानं फुगलेलं.
गाड्या असं करतात तेव्हा आम्ही त्याला दोष म्हणतो,
भुताला ब्रेक लावला म्हणतो, तक्ता भरतो,
पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो.

आणि मागे, आरशात, दोन दिवे
मोठे होत, मोठे होत, मोठे होत
अचानक खाली वाकले. थांबले.
तिनं मॉडेल ओळखलं.
मार्चमध्ये त्यानं आमच्या पोराला चारदा उडवलं होतं,
मेमध्ये एकदाही नाही.
आत विशीतला एक जण. त्यानं फोनवरून मान उचलली,
आपण कुठे आहोत ते पाहिलं,
आणि हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.
त्याच्या लेखी काही झालंच नव्हतं.
झालं नाही, एवढंच झालं होतं.

गुनवॉरनं हात दाखवून माफी मागितली,
त्याला पुढे जाऊ दिलं.
मग उतरली. जॅकेट भिजून जड झालेलं.
कॉलरच्या आत कुणाच्या तरी आईच्या अक्षरात: एब्बे.
कुंपणाच्या आतल्या बाजूला ते पुन्हा अडकवताना
रिकाम्याच जॅकेटची चेन
तिनं गळ्यापर्यंत ओढली.