मिठाला जाग

आव्हेरोच्या खाजणात आमचे सात वाफे.
ऊन पाणी खातं, बेल्मिरो फळी ओढतो,
मी ढीग रचते.
आणि घरात
बारा वर्षं अळणी सूप.

रक्तदाब दोनशेच्या घरात, रात्री पोटऱ्यांत पेटके,
सकाळच्या चार गोळ्या.
मिठागरवाल्याला मीठ वर्ज्य, गाव हसायचं.
त्याच्याबरोबर मीही सोडलं.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कोइंब्राच्या इस्पितळात
डॉक्टर किटेरियानं पडद्यावर बोट ठेवलं:
डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी,
तिच्यात हरभऱ्याएवढी गाठ.
"हिच्यामुळे शरीर मीठ सोडत नाही. कंजूष आहे."
बेल्मिरो म्हणाला, "म्हणजे आमच्याच घराण्यातली."

सहीआधी तिनं सगळं वाचलं, काही न गाळता.
रक्तस्राव.
शेजारी प्लीहा आहे, स्वादुपिंडाचं टोक आहे, धक्का लागू शकतो.
पायात गुठळी, ती फुफ्फुसात जाऊ शकते.
दुर्बिणीनं नाही जमलं तर पोट उघडावं लागेल.
आणि इतकं करून रक्तदाब पूर्ण उतरेलच असं नाही,
बारा वर्षांत रक्तवाहिन्या ताठ झाल्यात.
प्रत्येक वाक्याला मी मान हलवली.
शेवटी विचारलं,
गाडी रात्रभर तिथेच लावली तर चालेल का?

तीन भोकं. तिसऱ्या दिवशी घरी.
पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकत होता,
आत भरलेला वायू तिकडे कळ मारतो म्हणे.

पाचव्या दिवशी तो पलंगावरून उठला
आणि कपाट धरून हळूहळू खाली बसला,
ओल्या पोत्यासारखा.
वरचा दाब नव्वद.
फोनवर डॉक्टरीण शांत होती:
"उजवी ग्रंथी झोपलीय.
इतकी वर्षं डावीनं सगळं ओढलं, हिला काम उरलं नव्हतं.
जागी व्हायला आठवडे लागतील.
पोटॅशियमच्या जुन्या गोळ्या बंदच ना? उद्या रक्त तपासायला आणा.
आणि त्याला मीठ द्या."

मीठ द्या.
स्वयंपाकघरात मिठाचं भांडंच नव्हतं.
बॅटरी घेऊन अंधारात कोठारात गेले,
ढिगाचा एक खडा मुठीत आणला,
लाटण्यानं फोडला.

तो तीन वाडगे प्यायला, डोळे मिटून.
मी एकाच चमच्याला तोंड फिरवलं.
माझी जीभ परकी झाली होती,
आणि त्याचा मला राग आला,
त्याचा, सूपाचा, गाठीचाही.

आता सप्टेंबर.
दोन गोळ्या सुटल्या, दोन राहिल्या.
अर्धा वाफा ओढला की तो बांधावर बसतो,
सदऱ्याखाली बोटांनी तिन्ही व्रण मोजतो,
जणू एखादा हरवला असेल.

रात्री तो घोरायला लागला
की मी त्याच्या उजव्या बरगडीखाली तळवा ठेवते
आणि हळूच म्हणते,
ऊठ गं बाई.
आमचं एवढं खाल्लंस,
आता मिठाला जाग.